नवीन आणलेला मोठा मासा काही खाईना? आधी पाणी बघा

मागच्या महिन्यात भाच्याचा फोन आला, इथंच सोलापुरात अशोक चौकात राहतो तो, रात्रीचे साडेदहा वाजलेले आणि आवाज पार रडवेला. "मामा, ऑस्कर आणलाय की नऊ इंची, सहा दिवस झाले तोंडच उघडंना. दाणे टाकले, कोळंबी टाकली, चिकन टाकलं, काल चार गोल्डफिश सोडले ते बी तसेच फिरालेत. मरतंय का काय ओ?" मी त्याला एकच विचारलं, टँकमध्ये पाणी कुठलं भरलंस. तर म्हणाला नळाचंच की, पाणी आलं त्या दिवशी डायरेक्ट पाइप लावला आणि भरून घेतलं, संध्याकाळी मासा आणून सोडला.

मोठा मासा घरी आला आणि खाईना झाला की आपण सगळे हेच करतो, खाणं बदलत बसतो. हे नाही आवडलं, ते देऊन बघू, ते नाही तर जिवंत काहीतरी देऊ. मी पण पहिल्या अरोवानाला एका आठवड्यात सात प्रकारचं खाणं दाखवलं होतं. पण माशाला त्या वेळी खाण्याबद्दल काही म्हणायचंच नसतं, त्याची तक्रार पाण्याची असते, जागेची असते, नाहीतर भीतीची. ते आधी मिटलं तर साधं गांडूळ पण चालतं, आणि ते मिटलं नाही तर तुम्ही ताटात काय पण वाढा.

आधी घाबरायचं किती ते सांगतो, कारण घाबरूनच जास्त चुका होतात. मासा थंड रक्ताचा प्राणी. आपण जे खातो त्यातला बराच भाग अंग गरम ठेवण्यात जातो, माशाला तो खर्चच नाही, त्याचं अंग पाण्याच्या तापमानालाच असतं. म्हणून तेवढ्याच वजनाच्या मांजराला जेवढं लागतं त्याच्या मानानं माशाला फार थोडं लागतं. त्यात ऑस्कर, अरोवाना, रेड टेल कॅटफिश हे शिकारी मासे, यांना व्यवस्थित पोट असतं, एकदा मोठं जेवायचं आणि मग निवांत राहायचं अशी त्यांची ठेवण. गोल्डफिश किंवा आपला रोहू-कटला घ्या, त्या घराण्याला वेगळं असं जठरच नसतं, म्हणून ते दिवसभर थोडंथोडं चरत राहतात. आपण गोल्डफिश पाळून शिकलेलो असतो आणि तोच हिशोब ऑस्करला लावतो, तिथं गडबड होते. अंगानं भरलेला, निरोगी आठ-दहा इंची ऑस्कर दोन आठवडे न खाता निघतो, मोठा अरोवाना किंवा कॅटफिश त्याच्याही पुढं जातो. दोन-तीन इंची पिल्लू असेल तर मात्र गोष्ट वेगळी, त्याच्या अंगात साठाच नसतो, ते तीन-चार दिवस खाईना झालं की लगेच मनावर घ्यायचं.

आणि एक, चांगला दुकानदार मासा पाठवायच्या आधी एक-दोन दिवस त्याला उपाशीच ठेवतो, म्हणजे पिशवीत घाण होत नाही. त्यामुळं तुमच्याकडं येतानाच तो एक-दोन दिवसांचा उपाशी असतो आणि त्यात काळजीचं काही नाही.

आता भूक का मरते ते बघू. जाळीत पकडला, पिशवीत कोंबला, रिक्षात नाहीतर एसटीत हादरे खात आला, मग अनोळखी काचेत पडला. या सगळ्यात माशाच्या अंगात कॉर्टिसोल नावाचं हार्मोन वाढतं, आपल्यात ताणाच्या वेळी वाढतं तेच. आणि ताणाचा जो संदेश मेंदूतून निघतो तोच संदेश भुकेचं बटण बंद करतो. शेजारी कोण शत्रू आहे, लपायला कुठं आहे, हे कळेपर्यंत पोट भरत बसणारा मासा जंगलात जगत नाही, म्हणून ही सोय. म्हणजे तो रुसलेला नसतो, त्याला त्या वेळी भूक लागतच नाही. ऑस्कर तर नवीन टँकमध्ये कधीकधी चक्क आडवा पडून राहतो, बघणाऱ्याला वाटतं गेला. कल्ले शांत हलत असतील तर त्याला तसंच पडू द्या, हात घालून सरळ करायला जाऊ नका.

पण भीती दोन-चार दिवसात उतरते. पाणी खराब असेल तर ती उतरतच नाही, म्हणून पाण्यावर जरा सविस्तर बोलतो, कारण सोलापुरात पाण्याचं प्रकरणच वेगळं आहे.

आपल्याकडं पाणी उजनीचं, टाकळीचं किंवा हिप्परग्याचं, आणि ते रोज येत नाही, काही दिवसांनी येतं आणि आलं की सगळे हौद, टाक्या, घागरी भरून घेतात. मासेवाले पण तेव्हाच टँक भरतात. पाण्यात क्लोरीन असतो, असलाच पाहिजे, पिण्याच्या पाण्याच्या आपल्या मानकात नळाला लिटरमागं किमान ०.२ मिलिग्रॅम उरलेला क्लोरीन लागतो असं आहे. माणसाला ते चांगलंच. पण माशाचे कल्ले म्हणजे एकदम नाजूक कातडीची झालर, रक्त आणि पाणी यांच्यात जेमतेम एक पापुद्रा, तिथं क्लोरीन म्हणजे चटका. चटका बसलेल्या कल्ल्यानं श्वास घेता घेताच मासा दमतो, तो खाईल कशाला. कधीकधी नळ सोडल्या सोडल्या ब्लीचिंगचा वास नाकात जातो बघा, त्या दिवशीचं पाणी तर डायरेक्ट टँकमध्ये घालूच नका. एक दिवस उघड्या टबात एअर पंप लावून ठेवलं की साधा क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेटचे खडे मिळतात, दुकानात अँटीक्लोरीन म्हणून मागा, पाकिटावर लिहिलंय तेवढंच घाला. थायोसल्फेट लगेच काम करतं, त्यासाठी दिवसभर थांबायची गरज नाही.

बोअरचं पाणी वापरणारे पण खूप आहेत, जुळे सोलापूर, होटगी रोड, सगळीकडं. त्यात क्लोरीन नाही हे खरं, पण ते जड असतं, बादलीला पांढरा थर बसतो तेच. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न जड पाणी बऱ्यापैकी सोसतात, एका दिवसात बदल झाला तर मात्र नाही. दुकानात मऊ पाण्यात राहिलेला मासा तुम्ही एकदम बोअरच्या पाण्यात टाकला तर त्याच्या अंगातला मीठ-पाण्याचा तोल नव्यानं बसायला दिवस जातात आणि तोपर्यंत तो कोपरा धरून बसतो. दुकानदाराला विचारा तो कुठलं पाणी वापरतो, लाजायचं काय त्यात.

आता अमोनिया. हे समजलं की अर्धं काम झालं. मासा नत्राची घाण मुख्यतः कल्ल्यातून अमोनियाच्या रूपात सोडतो. म्हणजे तो काही खात नसला तरी अमोनिया थोडाथोडा येतच राहतो, आणि आपण टाकलेली न खाल्लेली कोळंबी तळाला कुजायला लागली की भराभर वाढतो. जुन्या टँकच्या फिल्टरमध्ये जिवाणू असतात, एक गट अमोनियाचं नायट्राईट करतो, दुसरा नायट्राईटचं नायट्रेट, आणि नायट्रेट त्या मानानं बरंच निरुपद्रवी, आठवड्याला पाणी बदललं की निघून जातं. नवीन टँकमध्ये हे जिवाणूच नसतात, वसायला तीन ते सहा आठवडे घेतात. आपण काय करतो, मोठा मासा ठरला म्हणून मोठा टँक आणतो, नवा फिल्टर लावतो आणि त्याच दिवशी नऊ इंची मासा सोडतो. भाच्यानं नेमकं हेच केलं होतं.

पीएचचं पण एक आहे यात, पीएच म्हणजे पाणी आम्ल आहे की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, ७ म्हणजे मधलं. अमोनियाची दोन रूपं, एक विषारी आणि एक जवळजवळ बिनविषारी, आणि कुठलं किती राहणार ते पीएच आणि तापमान ठरवतं. पीएच ७ आणि २५ अंशाला एकूण अमोनियातला विषारी भाग साधारण अर्धा टक्का असतो, पीएच ८ झाला की तोच पाच टक्क्यांच्या वर जातो, म्हणजे दहापट. आपलं जड पाणी बहुतेक वेळा ७ च्या वरच असतं. म्हणून मऊ पाण्याच्या भागातला कोणी म्हणाला की माझ्याकडं एवढ्या अमोनियात काही झालं नाही, तर ते त्याच्याकडं, आपल्याकडं नाही.

याच कारणानं पिशवी उघडायची पण पद्धत आहे. लांबून, म्हणजे पुण्या-मुंबईहून आलेल्या पिशवीत माशाच्या श्वासानं कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो, त्यानं पीएच खाली राहतो आणि पिशवीतला अमोनिया बिनविषारी रूपात पडून असतो. तुम्ही पिशवी उघडली की तो वायू उडतो, पीएच वर चढतो, आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून लांबच्या प्रवासातली पिशवी बंदच ठेवून वीस मिनिटं टँकवर तरंगवायची, तापमान सारखं करायचं, उघडली की मग वेळ न घालवता मासा टँकमध्ये, आणि पिशवीतलं पाणी बाहेर. गल्लीतल्याच दुकानातून अर्ध्या तासात आणलेला असेल तर थोडंथोडं टँकचं पाणी पिशवीत घालत सावकाश करा, तिथं काही बिघडत नाही.

भाच्याला सांगितलं उद्या सकाळी अमोनिया तपासायचं टेस्ट किट घे, थेंबाचं, पट्टीचं नको. किटमध्ये पाणी पिवळं राहायला पाहिजे होतं, ते हिरवं झालं, फोटो पाठवला त्यानं. म्हणजे अमोनिया होता. मग काय केलं ते क्रमानं सांगतो, कारण तुम्हालाही हेच करायला लागणार आहे. पहिलं, तळातलं सगळं कुजकं खाणं पाइप लावून ओढून काढलं. चिकन तर पार विरघळायला आलं होतं. दुसरं, अँटीक्लोरीन घातलेल्या, टँकएवढ्याच तापमानाच्या पाण्यानं चाळीस टक्के पाणी बदललं. त्याचा टँक चार बाय दीड बाय दीड फूट, म्हणजे ९ घनफूट, एका घनफुटात २८ लिटरच्या वर पाणी मावतं, काठोकाठ भरला तर अडीचशे लिटर, म्हणजे शंभर लिटर बदलायचं, घरात साठवलेलं पाणी गेलं म्हणून त्याला घरच्यांचं ऐकून घ्यायला लागलं असणार पण इलाज नव्हता. तिसरं, माझ्या जुन्या टँकमधला मळका स्पंज फिल्टर ओल्या पिशवीत घालून मी स्वतः नेऊन दिला आणि त्याच्या टँकमध्ये बसवला, त्यात जिवाणूंची तयार वस्ती असते. तो स्पंज नळाखाली धुवायचा नाही, धुवायचाच असेल तर टँकच्याच पाण्यात. चौथं, लिटरला एक ग्रॅम जाडं मीठ, आयोडीन नसलेलं, आधी मगात विरघळवून घातलं, नायट्राईट वाढलं तर मिठातला क्लोराईड ते कल्ल्यातून आत जाऊ देत नाही. रेड टेलसारख्या बिनखवल्याच्या माशाला मीठ जपून, अर्ध्यानं सुरू करा. आणि पाचवं, टँकच्या तीन बाजूंना जुनी चादर लावली. सोलापूरचीच, जाड, प्रकाश अजिबात आत जात नाही.

चादरीचं महत्त्व लोकांना पटत नाही पण मला विचाराल तर पाण्यानंतर तीच. चारी बाजूंनी काच म्हणजे माशाला पाठ टेकायला भिंत नाही. हॉलमध्ये टँक, शेजारी टीव्ही, पोरं काचेवर बोटं वाजवतायत, पाहुणा आला की आधी मासा दाखवायचा, रात्री अकरापर्यंत लाइट. माशाच्या अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ असते, त्या रेघेनं त्याला पाण्यातली थरथर कळते, काचेवर टकटक म्हणजे त्याच्या अंगावरच टकटक. पूर्व भागात यंत्रमागाच्या शेजारच्या घरात टँक असेल तर तो हादरा पण जाणवतो, स्टँडखाली जाड रबर किंवा थर्माकोलचा तक्ता घाला. पहिले तीन दिवस लाइट पूर्ण बंद. लपायला मोठी कुंडी आडवी, पीव्हीसीचा जाड पाइप, काही पण चालेल, सुंदर दिसायची गरज नाही. आणि पहिले दोन-तीन दिवस खायला काहीच द्यायचं नाही. काहीच म्हणजे काहीच, हेच माणसांना सगळ्यात अवघड जातं.

तापमानाचं सोलापुरी गणित पण बघा. हे मोठे मासे बहुतेक ॲमेझॉनच्या बाजूचे, यांना २६ ते २८ अंश बरं. गड्डा यात्रेच्या सुमारास, जानेवारीत, आपल्याकडं रात्री चांगलाच गारठा पडतो, खोलीतला टँक २१-२२ पर्यंत उतरतो. तेवढ्या थंडीत माशाचं पचनच मंद होतं, तो खाईना झाला तर त्यात आजार शोधू नका, लिटरला एक वॅट असा हिटर लावा आणि दोन-तीन दिवस वाट बघा, तो आपोआप खायला येतो. एप्रिल-मेमध्ये उलटं. बाहेर ४२-४३ असताना टँक ३२-३३ ला जातो. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, २५ अंशाला लिटरमागं सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास तर ३० ला साडेसात, आणि नेमकं तेव्हाच माशाला जास्त लागतो, मग तो वर येऊन तोंड उघडझाक करतो, लोकांना वाटतं भूक लागली आणि ते आणखी दाणे टाकतात. बर्फ टाकू नका, एकदम उतार-चढाव होतो. टँकच्या पृष्ठभागावर तिरका फॅन सोडा. आपली हवा कोरडी म्हणून वाफ भरपूर होते आणि पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं, आपला कूलर चालतो त्याच तत्त्वावर, कोकणात हे एवढं चालणार नाही. उडालेलं पाणी रोज भरत राहायचं. आणि लाइट जाते त्यासाठी बॅटरीवरचा एअर पंप घरात असावाच.

हे सगळं झालं, किटला पाणी पिवळं आलं, तीन दिवस अंधारात गेले. आता खाणं.

पहिला घास गांडूळ. का, तर ते वळवळतं, वास सोडतं, मऊ असतं, आणि जवळजवळ सगळे मोठे शिकारी मासे ते ओळखतात. पण गांडूळखताच्या बेडमधलं तांबडं गांडूळ आणू नका. ते दुखावलं की पिवळसर घाण वासाचा द्रव सोडतं आणि बरेच मासे ते तोंडात घेऊन थुंकतात, मग आपल्याला वाटतं याला गांडूळच आवडत नाही. शेतातलं, बांधावरचं साधं गांडूळ घ्या, फवारणी झालेल्या उसातलं नको. उन्हाळ्यात मिळत नाही, तेव्हा कुंड्यांच्या खाली, बोअरच्या पाइपापाशी ओल असते तिथं बघा. एक रात्र ओल्या गोणपाटात ठेवलं की त्याच्या पोटातली माती निघते. धुवायचं, आणि एकच टाकायचं. एक. संध्याकाळी, खोलीतला दिवा मंद करून, आणि टाकून तिथून निघून जायचं. अर्ध्या तासानं येऊन बघा, असेल तर काढून टाका आणि मग एक दिवस सोडून परत. रोज पाच वेळा दाखवलेलं खाणं माशाला आणखी एक त्रास वाटतं.

कुठला मासा कुठं आणि कधी खातो ते पण बघायला लागतं. अरोवानाचं तोंड वरच्या बाजूला उघडतं, तो वरून पडणाऱ्या किड्यांसाठी बनलाय, पुराच्या जंगलात झाडाच्या फांदीवरचा किडा उडी मारून घेतो, ब्राझीलमध्ये त्याला पाण्यातलं माकड म्हणतात ते उगाच नाही. त्याला तळात पडलेली कोळंबी म्हणजे खाणंच नव्हे. माझा दुसरा एक चौदा इंची अरोवाना, विजापूर रोडच्या एका घरातून घेतलेला, एकोणीस दिवस उपाशी होता, मी रोज तळात कोळंबी ठेवत होतो आणि रोज काढत होतो. विसाव्या दिवशी नाकतोडा पाण्यावर टाकला, तो पाय मारायला लागला आणि एका झपाट्यात गेला. त्या दिवशी मी घरात सगळ्यांना फोन करून सांगितलं होतं. त्याच्या टँकला जड झाकण मात्र पाहिजेच, नवीन अरोवाना पहिल्याच आठवड्यात बाहेर पडून मेल्याचं मी दोन घरांत बघितलंय.

रेड टेल कॅटफिश याच्या उलट, तो तळाचा आणि रात्रीचा. मिशांनी आणि कातडीनं पण चव घेतो, त्याला दिसायची गरज नाही. लाइट बंद करून तासाभरानं द्या. आणि तो समोर येईल ते गिळतो, गोटे, थर्मामीटर, रबरी बूच, म्हणून त्याच्या टँकमध्ये तोंडात मावेल असं काहीच ठेवू नका. तो मीटरच्या वर वाढतो हेही घ्यायच्या आधी कळलेलं बरं. रूपचंद म्हणून जो मिळतो, लाल पोटाचा पाकू, तो तर जंगलात फळं आणि बिया खाणारा, त्याला कोळंबीच द्यायला पाहिजे असं नाही, केळ्याचा तुकडा, उकडलेला वाटाणा, भोपळा देऊन बघा.

कोळंबी देणार असाल तर ताजी, सोललेली, बिनमिठाची. सुकट आणि सोडे बाजारात मिळतात, फ्लॉवरहॉर्नवाले रंगासाठी देतात, पण त्यात मीठ असतं, दोन-तीन पाण्यात भिजवून द्या. चिकन-मटण सवयीचं खाणं म्हणून नकोच, गरम रक्ताच्या प्राण्याची चरबी माशाला जड जाते आणि पाण्यावर तवंग येतो.

जिवंत गोल्डफिश टाकायची आपल्याकडं फार हौस, व्हिडिओ करतात. मला ते बघवत नाही हे एक, पण माशाच्या बाजूनं पण तोट्याचंच आहे. गोल्डफिशमध्ये थायमिनेज नावाचं द्रव्य असतं, ते बी-१ जीवनसत्त्व मोडतं, नेहमी तेच खाल्लं तर माशाला कमतरता येते. वर दुकानातल्या स्वस्त गर्दीच्या टाकीतले रोग फुकटात घरी येतात. गटारीतले, डबक्यातले गप्पी पकडून आणून टाकतात काही पोरं, ते डासांसाठी सोडलेले असतात, ते तिथंच राहू द्या, त्या पाण्यातलं काय काय त्यांच्या अंगात असेल सांगता येत नाही.

खायला लागला की मग दाण्यांवर आणायचा, लगेच नाही, आठ-दहा दिवस गेल्यावर. गांडुळाचा तुकडा आणि त्याच वेळी एक भिजवलेला दाणा, सोबत. मग गांडूळ कमी. एक दिवस उपवास आणि दुसऱ्या दिवशी आधी दाणे, हे ऑस्करला तर हमखास लागू पडतं. लसणाच्या रसात दाणे भिजवायचं बरेच जण करतात, वासानं काही मासे येतात, औषध म्हणून मात्र त्यावर भरवसा ठेवू नका. आणि घेतानाच दुकानदाराला विचारा याला काय देत होतात, त्याच कंपनीचे दाणे थोडे बांधून मागा, हा प्रश्न कोणी विचारत नाही आणि निम्मा त्रास तिथंच वाचला असता.

आजार कधी समजायचा? पाणी स्वच्छ, तापमान बरोबर, जागा शांत, तीन आठवडे झाले तरी खात नाही, तर. किंवा आधीच, कल्ले भराभर चालतायत, पर अंगाला चिकटवून ठेवलेत, दगडाला अंग घासतोय, डोक्यामागचा मांसल भाग खपाटीला जाऊन पाठ सुरीच्या धारेसारखी दिसतेय, तर वाट बघू नका. पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा दिसली की लोक लगेच पोटातले जंतू म्हणून औषध ओततात. तसं असूही शकतं, पण उपाशी माशाची विष्ठा पण पांढरीच दिसते, आत नुसता चिकट पदार्थच असतो ना. तो खाऊन दोन-तीन दिवसांनी पण तशीच राहिली तर मग माशांचं कळणाऱ्या पशुवैद्याला विचारा. अंदाजानं तीन औषधं एकत्र घातली की सगळ्यात आधी फिल्टरचे जिवाणू मरतात आणि आपण परत अमोनियापाशी येतो.

आणि नाहीच जमलं, टँक लहान पडतोय, मासा झेपत नाही, तर दुकानाला परत द्या, कोणी पाळणारा शोधा, पण कंबर तलावात किंवा उजनीत नेऊन सोडू नका. उजनीत बाहेरून आलेल्या चिलापी माशानं आधीच काय करून ठेवलंय ते मासेमारी करणाऱ्यांना विचारा.

भाच्याचा ऑस्कर पाणी बदलल्यावर पाचव्या दिवशी कुंडीबाहेर आला. सातव्या दिवशी चादरीची एक बाजू काढली तर पोरगं काचेपाशी आलं की तो पण तिथं यायला लागला. नवव्या दिवशी संध्याकाळी फोन, "मामा, घेतलं ओ! एक टाकलं, लगेच घेतलं, अजून बघालाय वर. अजून चार टाकू?" मी म्हटलं नको, एवढ्या दिवसांनी खाल्लंय, फिल्टर पण अजून कच्चाच आहे. आज एवढंच. उद्या पाणी तपास, पिवळं आलं तर परवा दोन दे.